प्रात्यक्षिकाचा दाखला

विषय : प्रौढांच्या पर्यटन मार्गदर्शक वर्गाचे शिक्षक श्री. वामन देशिंगकर यांना प्रात्यक्षिकाचा दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वहस्ताक्षरातील अर्ज, दोन प्रतींत.

“आणि ही दुसरी प्रत कुणाला?” कासमचाचांनी विचारलं.

“माझ्या माहितीसाठी,” वामनराव म्हणाले.

“तुम्हाला माहीत नव्हतं?”

वामनरावांनी पेनाचं टोपण काढलं. अशा माणसाकडून सही घ्यायची म्हणजे ऐकून घेणं आलंच.

कासमचाचा मुजावर यांनी धारव्याची लेणी पन्नास वर्षं लोकांना दाखवली होती. आता वय ऐंशीच्या पुढं. दिवसभर डोंगराच्या पायथ्याशी लिंबाखाली बसून असत. तालुक्यात कुणाला गाइड व्हायचं झालं, तर आधी त्यांना लेणं दाखवायचं आणि मग त्यांचा दाखला घ्यायचा, अशी रीत पडली होती. ते सही करत किंवा करत नसत. कशावरून, ते सांगत नसत.

वामनरावांना ही पद्धत अशास्त्रीय वाटे. पण वाचनालयाच्या कमिटीनं ठरावच केला होता : चाचांचा दाखला आणा, नाहीतर महिनाअखेर वर्ग बंद.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर भरे, संध्याकाळी सहा ते सात.

भूगोलाच्या मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर, आणि त्यानंतर वर्षभरात पत्नी सुमतीबाई गेल्यावर, वामनरावांच्या दिवसात बोलण्याचा असा तो एकच तास उरला होता. बाकी तेवीस तासांत त्यांना प्रश्न विचारणारा एकटा दूधवाला. तो विचारी, “अर्धा?” वामनराव म्हणत, “अर्धा.” झालं संभाषण.

“वर्गात किती जण?” चाचांनी विचारलं.

“पटावर अकरा.”

“बाकावर?”

“सध्या... परीक्षेचे दिवस आहेत.”

“प्रौढांच्या?”

वामनरावांनी चष्मा पुसला.

खरी हकिगत अशी की, दिवाळीपर्यंत अकराचे तीन झाले. पौषात एक उरली, क्रमांक सात. ती शेवटपर्यंत नियमित आली आणि फळ्याकडे बघत एक तास बसली, म्हणून वामनराव तिला वर्गातली सर्वांत होतकरू विद्यार्थिनी समजत. मग तिच्या गावच्या एस.टी.ची वेळ सव्वासातवरून पावणेसहा झाली, आणि क्रमांक सातचा पर्यटनातला रस संपला.

तरी गेले तीन आठवडे वामनराव सहाला जात होते. फळ्यावर तारीख घालत होते. सातला पुसत होते.

“शिकवता काय?”

आता वामनरावांना जरा हुशारी आली. त्यांनी पिशवीतून चौसष्ट पानांचं टिपण काढलं. “सुरुवात व्याख्येपासून. पर्यटक म्हणजे आपलं नेहमीचं राहण्याचं ठिकाण सोडून चोवीस तासांहून अधिक काळ अन्यत्र राहणारी व्यक्ती.”

चाचांनी विचार केला.

“मग आमची घरवाली हमीदा अकरा वर्षं पर्यटनाला गेलीय,” ते म्हणाले. त्यांनी ओढ्यापलीकडच्या कबरस्तानाकडं बोट केलं.

“तसं नव्हे. त्या व्यक्तीचा परत येण्याचा उद्देश असावा लागतो.”

“तिचा होता की नव्हता, ते तुम्हाला काय ठाऊक?”

...

वामनरावांच्या घरूनही चार वर्षांपूर्वी एक व्यक्ती गेली होती. टिपणातल्या कुठल्याच प्रकारात ती बसत नसल्यानं त्यांनी तो विषय काढला नाही.

“चला,” चाचा काठी टेकत उठले. “तीन नंबरचं लेणं दाखवा मला. मी परगावचा आहे, काही म्हणजे काही माहीत नाही, असं धरून चाला.”

वाट चढणीची. म्हातारा पुढं, वामनराव मागं. दर दहा-बारा पावलांवर म्हातारा थांबे, मान वळवून मागं बघे आणि पुन्हा चालू लागे. पहिल्या दोन वेळा वामनरावांनी सोसलं.

“मी दमलेलो नाही, चाचा.”

“मी कुठं म्हटलं दमलात म्हणून?”

“मग मागं काय बघताय?”

“तुम्हाला,” म्हातारा म्हणाला, आणि पुन्हा दहा पावलांवर बघितलंच.

तीन नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीवर व्यापाऱ्यांचा तांडा कोरलेला आहे. लादलेले बैल, डोक्यावर गाठोडी घेतलेली माणसं, पाण्याची पखाल. सगळे एका दिशेला निघालेले. एक सोडून सगळ्यांची तोंडं पुढं.

चाचा कोपऱ्यातल्या दगडी बाकावर टेकले. वामनरावांनी पिशवीतून छडी काढली, भिंतीकडं तोंड केलं आणि घसा साफ केला.

“प्रथम काळ. त्यानंतर शैली. त्यानंतर दोष.”

काळ झाला. शैली झाली.

“आता दोष. तांड्यातल्या सर्वांत पुढच्या माणसाकडं लक्ष द्या. हा वाटाड्या. बाकी सर्वांची मान सरळ, याची एकट्याची पार मागं वळलेली. पुढं चालणारा माणूस वाट सोडून मागं बघेल का? ही शिल्पकाराची चूक आहे. टिपण, पान एक्केचाळीस.”

मागून काही आवाज आला नाही. वामनरावांना बरं वाटलं. वर्गातही असंच शांत असे.

मग त्यांनी बैल घेतले, बैलांची वशिंडं घेतली, त्या काळचे घाट आणि बंदरं घेतली, नकाशा नसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि हातवाऱ्यांनी पश्चिम किनारा काढून दाखवला. किती दिवसांनी आवाज असा मोकळा सुटला होता! मध्येच त्यांना एक विनोदही सुचला. तो त्यांनी सांगितला आणि हसून घेतलं.

शेवटच्या बैलावर छडी टेकवून ते म्हणाले, “काही शंका?”

लेण्यानं तेच परत विचारलं.

वामनराव वळले.

बाक रिकामा होता.

...

मग, का कोण जाणे, छडी पिशवीत घालण्याआधी त्यांनी भिंतीवर हात फिरवला, फळा पुसल्यासारखा.

चाचा खाली लिंबाखाली होते. समोर चहाचे दोन कप. एक रिकामा. दुसऱ्यावर साय धरली होती.

“हा तुमचा,” चाचा म्हणाले. “गार झाला.”

“तुम्ही उठलात कधी?”

“तुम्ही त्या वाटाड्याची चूक काढलीत ना, तेव्हा.”

वामनरावांनी मनाशी हिशेब केला. म्हणजे पाऊण तास. पश्चिम किनारा, घाट, वशिंडं... तो विनोदसुद्धा.

“मग सांगायचं नाही का, मी निघालो म्हणून?” त्यांचा आवाज चढला. “छत्तीस वर्षं शिकवलंय मी! अकराच्या अकरा जणांनी हेच केलं. एकानं तोंडानं सांगितलं नाही. एक-एक करून उठून गेले, आणि मी आपला...”



“मी उठलो ते तुम्हाला कळलं असतं,” चाचा म्हणाले, “तर सही तिथंच केली असती, मास्तर.”

वामनराव गार चहा सायीसकट प्यायले. दुसऱ्यानं ओतलेला चहा आपण चार वर्षांत प्यायलो नव्हतो, हे त्यांना कप खाली ठेवताना कळलं.

“पुन्हा एकदा संधी मिळेल?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता.

“मिळेल की. पण मला आता तो डोंगर रोज झेपत नाही. तुम्ही एक माणूस घेऊन या. त्याला दाखवा. मी इथं बसून बघतो, तो तुमच्याबरोबर खाली येतो का आधीच.”

“माणूस...”

“कुणीही चालेल.”

वामनरावांनी आठवून पाहिलं. क्रमांक एक, क्रमांक चार, क्रमांक सात. सात नंबरचं गाव एस.टी.च्या पाटीवर असायचं, पण पाटी वाचायला ते कधी खाली उतरले नव्हते. मुलगा दुसऱ्या देशात. शेजारच्या घराला कुलूप. कमिटीचे चिटणीस अर्ज घेतात, चहा घेत नाहीत.

“घरी कुणी येत नाही का?” चाचांनी विचारलं.

“दूधवाला येतो,” वामनराव म्हणाले. “बारा वर्षं येतोय. सज्जन आहे. आमच्या घरातून... त्या गेल्या, त्या दिवसापासून त्यानं आपणहून एक लिटरचं अर्धं केलं. मला सांगावं लागलं नाही.”

“मग त्यालाच आणा की. नाव काय त्याचं?”

वामनरावांनी तोंड उघडलं.

...

लिंबाची दोन पिवळी पानं अर्जावर पडली. चाचांनी ती झटकली, अर्जाची घडी घातली आणि दोन्ही प्रती कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या.

“नामंजूर केलात?” वामनरावांनी विचारलं.

“नाही हो. पडून राहील,” कासमचाचा म्हणाले. “तुम्ही नाव विचारून या.”