शनिवारी नाही आलीस तरी चालेल

एका गावात दुसरीचा एक वर्ग होता आणि त्या वर्गाला एक बाई होत्या. बाई मनाने वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. वाईट असत्या तर गोष्ट सांगताना मला इतका त्रास झाला नसता.

त्या वर्षी बाईंनी वाचनाचा आठवडा करायचा ठरवला. सोमवारी पुस्तकं दप्तरात ठेवून सगळी पोरं गावात शब्द गोळा करायला निघाली. गिरणीवरचं नाव, साबणाचा कागद, एसटीचा थांबा, जे दिसेल ते पाटीवर उतरवून घेतलं. 'येथे थुंकू नये' हे तर पोरांना इतकं आवडलं की पान खाऊन पिंक टाकणाऱ्या सरपंचांना त्यांनी भर चौकात ते एका सुरात वाचून दाखवलं. सरपंचांना हसावंच लागलं.

बुधवारी वर्गात पोस्ट ऑफिस उघडलं. खोक्याला फट पाडून पेटी केली. प्रत्येकाने एकाला पत्र लिहायचं आणि ज्याला पत्र येईल त्याने ते स्वतः वाचायचं. एरवी घंटेची वाट बघणारी पोरं घंटा झाली तरी जागची हलेनात.

याच वर्गात शेवंता होती. दीड वर्ष झालं तरी तिला वाचता येत नव्हतं. घरचे म्हणत, हिच्या डोक्यात काही शिरत नाही. पोरं तिला सरळ 'ढ' म्हणत आणि ती मागे बसून ऐकून घ्यायची.

गुरुवारी तिला पत्र आलं. ती उभी राहिली आणि बोट ठेवून एकेक अक्षर जुळवू लागली. पोरं चुळबुळ करू लागली, पण बाईंनी कुणाला बोलू दिलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "शेवंता, उद्या बोरं खायला ये." मग वर बघून हळूच म्हणाली, "बाई, मला बोलावलंय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, खरंच आलं.

शुक्रवारी निरोप आला. उद्या तालुक्याचे साहेब येणार, प्रत्येक मुलाला वाचायला लावणार. ज्या वर्गात एकही मूल अडखळणार नाही, त्या वर्गाला ढाल मिळणार.

शाळा सुटल्यावर बाईंनी शेवंताला थांबवून घेतलं.

"शेवंता, उद्या तू नाही आलीस तरी चालेल हं."

"पण बाई, मला आता वाचता येतं."

"येतं गं. पण साहेबांना घाई असते."

शेवंताने जरा विचार केला. "मग ताप आला म्हणून सांगाल?"

बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत.

शनिवारी साहेब आले. पोरांनी धडाधडा वाचलं. साहेबांनी विचारलं, "कुणी गैरहजर?" बाई म्हणाल्या, "एक आहे. ताप आलाय तिला." साहेबांनी चहा घेतला, ढाल दिली, फोटो काढला आणि गेले.

बाईंना रविवारभर चुटपुट लागून राहिली. सोमवारी त्यांनी सगळ्यांत आधी शेवंतालाच उठवलं आणि सोपा धडा पुढे ठेवला.

"वाच, बाळा. आज कुणाला घाई नाही."

"मला येत नाही, बाई."

"अगं, गुरुवारी किती छान वाचलंस."

"ते चुकून आलं असेल."

ती रुसली नव्हती हो. बाई सांगतील ते खरं मानणारी पोर ती, तिने शुक्रवारचं 'नाही आलीस तरी चालेल'ही खरंच मानलं होतं. बाईंनी त्या दिवशी समजावलं, महिनाभर समजावलं, जवळ घेऊन समजावलं. शेवंता मान हलवायची आणि मागे जाऊन बसायची. चौथीनंतर तिने शाळा सोडली, तेव्हा घरच्यांना त्याचं काही वाटलंही नाही.

तात्पर्य: मुलाला वाचायला शिकवायला दीड वर्ष जातं, पण 'तू आमच्यात नकोस' हे शिकवायला एक वाक्य पुरतं, आणि मूल नेमकं तेच विसरत नाही.