विसाजीचं नीटनेटकं वेटोळं

नदीकाठच्या एका गावात विसाजी सुतार राहायचा. हातात कसब होतं, पण पसारा दिसला की त्याचं डोकं फिरायचं. विजेच्या रंध्यासाठी त्याने लांबलचक वायरचा एक्स्टेंशन बोर्ड आणला होता. लागायची चार हात वायर. उरलेली तो घट्ट गुंडाळून सुतळीने बांधून ठेवायचा.

"अहो, मशीन चालवताना वायर सगळी उलगडा. दुकानदाराने दोनदा बजावलंय," त्याची बायको कौसाबाई म्हणायची.

"अंगणभर वायर लोळू देऊ? हे सुताराचं घर आहे, आठवड्याचा बाजार नाही," विसाजीचं उत्तर ठरलेलं.

थंडीच्या दिवसांत शेजारच्या जनाक्काच्या भावाला मुलगी झाली. बारसं दुपारी होतं आणि पाळणा विसाजीने द्यायचा होता. सकाळपासून रंधा घरघरत होता. शेवटच्या सहा दांड्या राहिल्या, तेव्हा तो चहाला थांबला.

त्यांचं मांजर हिवाळ्यात चूल सोडून हलत नसे. आज ते भुशातून वाट काढत आलं, वायरच्या वेटोळ्यावर बसलं आणि त्याने सुखाने डोळे मिटले.

"बघ, माझा नेटकेपणा मांजरालाही पटला," विसाजी खूश होऊन म्हणाला.

"चूल सोडून ते तिथे का बसलं, ते आधी बघा," कौसाबाई म्हणाली.

विसाजी चपापला. त्याने प्लग काढला, मांजराला उठवलं आणि सुतळी सोडली. वेटोळं वरून उबदार होतं, आत मात्र हात लावू देईना. घट्ट गुंडाळीत उष्णता कोंडून वायरचे आतले वेढे मऊ पडले होते आणि एकमेकांना चिकटले होते. खाली कोरडा भुसा, शेजारी अर्धवट पाळणा. विसाजीने आधी पाळणा दूर सरकवला.

जळक्या वायरवर चिकटपट्टी गुंडाळली असती, तर काम तासाभरात उरकलं असतं. त्याने पट्टी हातात घेतलीही. तेवढ्यात भिंतीपलीकडे बाळ रडलं. त्याने पट्टी खाली ठेवली आणि मान खाली घालून शेजारी गेला.

"जनाक्का, चूक माझी आहे. वायर जाळून बसलो. आता हातानेच रंधायचं, पाळण्याला उशीर होईल."

"उशीर कशाला? बायका जमल्यात. काचपेपर काढा," जनाक्का म्हणाली.

मग काय विचारता! विसाजी हाताने रंधा मारतोय आणि नवी लुगडी नेसलेल्या दहा बायका पाळणा गात दांड्या घासतायत. अंगणात असा पसारा कधी झाला नव्हता आणि विसाजी इतका कधी हसला नव्हता. ऊन कलायच्या आत पाळणा उभा राहिला. भुशाने माखलेल्या जनाक्का आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं, तशी बाळाला शिंक आली आणि सगळं अंगण हसलं.

तात्पर्य: यंत्र चालवताना लांब वायर पुरती उलगडावी आणि जळकी वायर पट्टी लावून वापरू नये. आवराआवर काम झाल्यावरही करता येते. चूक मात्र कळल्या क्षणी कबूल करावी.