वाटीच्या मापाची खिचडी

भांडी आपापसांत बोलत, त्या काळची ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात एक पितळी वाटी होती. रोजची खिचडी तिच्याच मापाने व्हायची. एक वाटी डाळ, दोन वाट्या तांदूळ.

एकदा घरी बारसं निघालं. सगळा गाव जेवायला येणार, म्हणून धान्य मोजायला मोठी पायली आली.

"तू आता माळ्यावर जा," पायली वाटीला म्हणाली. "तुझा हिशेब मला ठाऊक आहे. डाळीपेक्षा तांदूळ एक माप जास्त. आज चार पायल्या डाळ, तर पाच पायल्या तांदूळ."

माळ्यावर गेलेलं भांडं सहसा खाली येत नसे. पण गावापुढे घराची फजिती होणार, ही काळजी वाटीला त्याहून मोठी वाटली.

"पायलीआजी, तसं नाही हो! डाळीच्या दर मापाला तांदळाची दोन मापं."

"टीचभर तू, मला शिकवतेस?"

"नाही पटत ना? मग चार वाट्या डाळ नि पाच वाट्या तांदूळ छोट्या पातेल्यात शिजवून बघा."

तसं शिजवलं. पळीने ढवळून पाहिलं आणि ती ओरडली, "अगं बाई, ही खिचडी की वरण?"

मग पायलीने चार पायल्या डाळीला आठ पायल्या तांदूळ मोजले.

पंगती उठल्या. लोक बोटं चाटत होते. शेजारून मागून आणलेल्या परातीने विचारलं, "एवढी झकास खिचडी कुणाच्या मापाची?"

पायली ताठ उभी राहिली. सगळ्या भांड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आमच्या वाटीच्या!"