चिंबूच्या दारावरची टाच

वाळूत होतं एक बीळ. बिळात राहायची खेकडीण आई आणि तिचं इवलंसं पिल्लू, चिंबू.

एके दिवशी आभाळ काळंकुट्ट झालं होतं. चिंबू खाऊ शोधायला बाहेर आला, तुरुतुरु तुरुतुरु. एक कण खाल्ला, दोन कण खाल्ले. मागे वळून बघतो तर काय? बीळच नाही! बिळावर ही मोठी टाच!

चांगुणाबाय कोळीण वाळत घातलेली मासळी गोळा करून दमली होती. होडीला टेकली, पाय लांब केले आणि बसल्या बसल्या झोपली. घुर्र घुर्र! तिची टाच नेमकी चिंबूच्या दारावर.

आत आई, बाहेर चिंबू. आणि लांब उभा एक बगळा, भुकेला. चिंबूला रडूच आलं.

"टाचताई, टाचताई, ऊठ ना! आई भेटेना!"

टाच म्हणाली, "मी आपली आपण उठत नाही. मांडी ओढेल, तर मी उठेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप्!

चिंबू निघाला, तिरका तिरका, तुरुतुरु तुरुतुरु.

"मांडीमावशी, मांडीमावशी, ओढ ना! टाच उठेना, आई भेटेना!"

मांडी म्हणाली, "मी आपली आपण ओढत नाही. नस निरोप आणेल, तर मी ओढेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप्!

नस होती दोऱ्यासारखी, लांबच लांब. पायातून निघालेली, थेट पाठीत गेलेली.

"नसताई, नसताई, धाव ना! मांडी ओढेना, टाच उठेना, आई भेटेना!"

नस म्हणाली, "मी आपली आपण धावत नाही. मज्जारज्जू पाठवेल, तर मी धावेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप्!

मज्जारज्जू राहायचा पाठीत. मणक्यावर मणका, मणक्यावर मणका, आणि त्यांच्या आत हा जाड दोर लपून बसलेला.

"रज्जूकाका, रज्जूकाका, पाठवा ना! नस धावेना, मांडी ओढेना, टाच उठेना, आई भेटेना!"

रज्जू म्हणाला, "उगाच पाय हलवायचा? तो हुकूम मेंदूचा. मेंदू सांगेल, तर मी पाठवेन."

बगळा एक पाऊल पुढे आला. टप्!

चिंबू चढला डोक्यावर. केसांना खोबरेल तेल! बिचारा दोनदा घसरला.

"मेंदूआजोबा, मेंदूआजोबा, सांगा ना! रज्जू पाठवेना, नस धावेना, मांडी ओढेना, टाच उठेना, आई भेटेना!"

"घुर्र घुर्र," मेंदू म्हणाला. "मी झोपलोय. मला उठवू नकोस."

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणीच नव्हतं. चिंबू मटकन बसला आणि हमसून हमसून रडला.

मेंदू झोपेतच पुटपुटला, "सगळ्यांना विचारलंस. टाचेला टोचलंस का? टोचलं, पोळलं, तर रज्जू मला विचारत बसत नाही. आमच्या घरची रीतच आहे ती. घुर्र घुर्र."

चिंबू घसरत खाली आला, सुर्रर्र! बगळा अगदी जवळ होता. त्याची लांब चोच दिसत होती.

चिंबूने कधी कुणाला टोचलं नव्हतं. माणसांच्या वाटेला जायचं नाही, असं आई सांगायची. पण आता आईच हवी होती. त्याने डोळे मिटले, नांगी उघडली आणि टाचेला घेतला चिमटा. कच्च!

कातडीने सांगितलं नसेला. नस धावली पाठीत, सर्रर्र! रज्जूने मेंदूला विचारलंच नाही. त्याने निरोप पाठवला. दुसरी नस धावली खाली, सर्रर्र! मांडीने ओढलं. टाच उठली. बीळ उघडलं!

चिंबू आत, बगळ्याची चोच वाळूत. खच्च!

मग कुठे मेंदू जागा झाला. चांगुणाबाय ओरडली, "आय गो! कोन चावला गो मना?" आणि टाच चोळत बसली. बगळा उडून गेला, उपाशीच.

बिळात अंधार होता. अंधारात आई होती. इतका वेळ तीही आतून वाळू उकरत होती, खरड खरड, खरड खरड. उकरून उकरून तिची नांगी पार झिजली होती.

"आलास का रे?" आई म्हणाली.

"आलो," चिंबू म्हणाला.

आईने त्याला झिजलेल्या नांगीनेच जवळ घेतलं. बाहेर आभाळ काळंच होतं. आत मात्र चिंबूला आई भेटली.