चुन्याखालची ओल

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही नुसती ऐकलेली, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक नगर होते. तिथल्या एका व्यापाऱ्याने डोंगराला लागून एका रांगेत घरे बांधली आणि ती भाड्याने दिली. घरांच्या मागून एक ओहोळ वाहत असे. डोंगरावरचे पाणी त्यातून नदीला मिळे. व्यापाऱ्याला वाटले, एवढी जागा फुकट कशाला घालवायची? त्याने ओहोळ मातीने बुजवला आणि त्यावर आणखी एक घर उभे केले.

पाणी काही भाडेकरू नव्हते, नीघ म्हटले की निघायला. ते जमिनीत मुरले आणि हळूहळू भिंतींत चढले. भिंतींना ओल आली, ओलीवर काळी बुरशी धरली.

व्यापाऱ्याची एक ठरलेली रीत होती. कुणी तक्रार केली, की तो चुना मारणाऱ्याला पाठवी. भिंत पांढरीशुभ्र होई आणि तक्रार बंद होई. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

शेवटच्या घरात गोधड्या शिवणारी एक बाई राहत असे. तिची लहान मुलगी सारखी खोके. एक दिवस बाई मुलीला कडेवर घेऊन व्यापाऱ्याच्या दारी आली.

"शेटजी, भिंतीला टेकलं तर पाठ भिजते. पोरीला श्वास पुरत नाही. तेवढा ओहोळ मोकळा करा हो."

"म्हणजे त्यावरचं घर पाडू?" व्यापारी हसला. "बाई, लहान पोरं खोकायचीच. चुना मारून देतो, मग बघा घर कसं लख्ख दिसतं."

"दिसेल हो," बाई म्हणाली, "पण आम्हाला तिथं राहायचंय."

चुना मारला गेला. पावसाळा सरता सरता त्या बाईने घर सोडले. का सोडले, हे व्यापाऱ्याने विचारले नाही. त्याने रिकाम्या घराला पुन्हा चुना मारला आणि या खेपेला तो असा बसला, की सगळ्या रांगेत तेच घर देखणे दिसू लागले.

पुढच्या वर्षी व्यापाऱ्याची एकुलती एक लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. त्याच्या स्वतःच्या घरावर तेव्हा माडी चढत होती. दिवसभर ठोकाठोक आणि धूळ. म्हणून त्याने लेकीला त्या शेवटच्या घरात ठेवले. लोकांसाठी मारलेल्या चुन्याला तो स्वतःच भुलला होता. हसू नका, भल्याभल्यांचे असे होते.

नातू झाला. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून रीतीप्रमाणे दारे-खिडक्या लावून घेतल्या. आत शेगडी धुमसत राहिली, बाहेर पाऊस लागून राहिला. कोंडलेल्या उबेत भिंती पाझरू लागल्या. चुन्याचे पोपडे सुटले आणि पाळण्यामागे काळे डाग उमटले. बाळ खोकू लागले. मग त्याची छाती घरघरू लागली.

तो खोकला व्यापाऱ्याला ओळखीचा वाटला. तो भर पावसात निघाला आणि विचारत विचारत गोधडीवाल्या बाईकडे पोचला. नगराबाहेर उंचवट्यावर ती एका झोपडीत राहत होती.

"बाई, तुमच्या मुलीला तेव्हा कोणतं औषध दिलंत? कशानं बरी झाली ती?"

बाईच्या हातातली सुई थांबली.

"ती बरी झाली नाही, शेटजी. तुमच्या घरातून मी एकटीच बाहेर पडले."

व्यापारी दारातच खाली बसला. बाईनेच विचारले, "कोण आजारी आहे?"

"नातू. त्याच घरात."

बाईने डोळे मिटले. क्षणभर वाटले, ती दार लावून घेईल. मग तिने कोपऱ्यातली गोधडी काढून जमिनीवर अंथरली.

"बसलात काय? मायलेकरांना इकडं घेऊन या. इथं कोरडं आहे."

बाळ वाचले, पण त्याची छाती जन्मभर अधू राहिली. ओहोळावरचे घर व्यापाऱ्याने पाडले, त्याचा पहिला दगड त्याने स्वतः काढला. पाणी पुन्हा नदीकडे वाहू लागले, भिंती सुकल्या आणि भाडेकरू त्याला दुवा देऊ लागले. तो मान खाली घालून ऐकत असे. पावसाळा आला, की नातवाच्या उशाशी बसून तो त्याचा श्वास ऐके, आणि त्याला गोधडीवाल्या बाईच्या कडेवरची ती मुलगी आठवे.

तात्पर्य: झाकलेला दोष मिटत नाही, तो पुढच्या माणसाची वाट पाहत बसतो.