आधी सामान कोणाचं?

“उद्या सूर्य मावळायच्या आत खालची पेठ रिकामी झाली पाहिजे!” धवलसेन महाराज गरजले. “बंधाऱ्याला हात जाईल एवढी भेग पडली आहे. पण शिपायांनी कोणाला हातही लावायचा नाही. लोक माझ्या शब्दावर उठले पाहिजेत! नाही उठले, तर रखमाजीचा डफ गेला आणि या कारकुनाची लेखणी गेली!”

रखमाजी म्हणजे आमच्या नगरीचा दवंडीवाला. आणि हा कारकून म्हणजे मी. मजकूर मी लिहायचा, तो त्यानं ओरडायचा. वीस वर्षं असंच चाललं होतं.

काम सोपं वाटेल. नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तांबड्या फेट्यांच्या पक्षाकडे कारभार होता, तेव्हा दवंडी झाली होती, “साथ येते आहे, पेठ सोडा!” लोक गेले. परत आले तर मोक्याच्या दुकानांत तांबड्यांचे जावई बसलेले! केवढा गहजब झाला! पिवळ्या फेट्यांनी चौकशी मागितली, कारभार मिळवला आणि वर्षभरात दवंडी दिली, “पूर येतो आहे, पेठ सोडा!” या वेळी दुकानांत मेव्हणे बसले. दोन्ही पक्षांच्या धोरणात फरक होता तो एवढाच. दोन्ही मजकूर माझे. माझ्या भाषेचं मात्र दोन्ही पक्षांनी एकमतानं कौतुक केलं होतं.

तरी मी अठरा ओळी लिहिल्या. ‘तमाम रयतेस इशारा देण्यात येतो की’ इथून सुरुवात. रखमाजीनं घसा बसेपर्यंत त्या ओरडल्या. पेठेतून उत्तर आलं, “या खेपेला कोण येतंय? साडू का?”

माझं घरही त्याच पेठेत. गेलो तर बायको निवांत पापड वाळत घालत होती.

“अगं, पूर येतोय!”

“कोण म्हणतं?”

“दवंडीत आहे.”

“ती तुम्हीच लिहिता ना?” म्हणत तिनं पुढचा पापड पसरला.

मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर सामान मीही बांधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजीच्या ओसरीवर आम्ही दोघं कपाळाला हात लावून बसलो. त्याची सून यसू दळण आवरून बाहेर आली आणि मला म्हणाली,

“भाऊसाहेब, टेकडीवरच्या धर्मशाळेला खोल्या किती?”

“तीन.”

“आणि विहीर?”

“एकच.”

“मग झालं तर! चला माझ्याबरोबर. फक्त बोलू नका.”

ती थेट तांबड्यांचे पुढारी सर्जेराव यांच्या दारात. नदीकाठी त्यांचा दुमजली वाडा. “पूर कसला? पिवळ्यांचं कारस्थान!” असं ते कालपासून सांगत होते.

“सरकार,” यसू म्हणाली, “टेकडीवर तीनच खोल्या आहेत. पिवळे अजून तिथं पोचलेले नाहीत.”

“अजून म्हणजे?”

“अजून म्हणजे अजून. मी आता त्यांच्याकडंच निघालेय.”

सर्जेराव ताडकन उठले. “गाड्या जुंपा! मागच्या दारानं! कोणाला कळता कामा नये!”

पिवळ्यांचे पुढारी मोरजे यांना तिनं एवढंच सांगितलं, “तांबड्यांच्या गाड्या जुंपल्या, सरकार.” पुढचं बोलावंच लागलं नाही.

मग तिनं सासऱ्याला चौकात उभं केलं. “मामंजी, ओरडा! घाबरण्याचं कारण नाही! सगळं आटोक्यात आहे!”

मी डोकं धरलं. डफ वाजला आणि लोक दचकून बाहेर आले. तेवढ्यात मागच्या बोळातून सर्जेरावांची गाडी निघाली. गाडीत पितळी कड्यांचा झोपाळा, लोणच्याच्या बरण्या, आणि सगळ्यात वर सासूबाई! समोरच्या बोळातून मोरज्यांची गाडी आली. दोन्ही गाड्या तोंडावर तोंड येऊन अडकल्या.

“अरे, झोपाळा काढलाय!” कोणीतरी किंचाळलं. “म्हणजे पूर खराच आहे!”

दुपारपर्यंत अख्खी पेठ टेकडी चढत होती. मी घरी धावलो, तर दाराला कुलूप. पापड नेले होते. मला निरोपही नव्हता.

संध्याकाळी बंधारा फुटला. पेठेत छातीभर पाणी आलं, पण एक कोंबडीदेखील वाहून गेली नाही.

सकाळी महाराज टेकडीवर आले. धर्मशाळेच्या एकाच खोलीत दोन्ही पुढारी पाठीला पाठ लावून बसलेले. बाकी दोन खोल्या बाळंतिणींना दिल्या होत्या.

“यसू, माझ्या शब्दावर जे उठले नाहीत, ते तुझ्या शब्दावर कसे उठले?”

“माझ्या शब्दावर कुठं, महाराज? मी तर घाबरू नका म्हणाले! लोकांचा विश्वास पुढाऱ्यांच्या तोंडावर नाही, त्यांच्या झोपाळ्यावर आहे.”

“आणि माझ्या तोंडावर?”

मी हळूच रखमाजीच्या मागे सरकलो.

“महाराज, परवा मामंजींनी पहिली दवंडी दिली तेव्हा तुमचे घोडे नदीकाठच्या पागेतच होते. लोकांनी बघितलं.”

महाराज असे हसले, असे हसले की डोक्यावरचा मंदिल तिरका झाला! “बक्षीस माग!”

“पाणी ओसरलं की ज्याचं दुकान त्याला मिळू दे. जावई नको, मेव्हणे नको.”

“दिलं! आणि दवंडीचा डफ आजपासून तुझा. पण मग या कारकुनाचं काय करू?”

“राहू द्या, महाराज,” यसू माझ्याकडे बघत म्हणाली. “भाऊसाहेबांनी लिहिलं, की उलट काय करायचं ते लोकांना लगेच कळतं!”

महाराज पुन्हा खो खो हसले. माझी लेखणी वाचली ती अशी.