पाणजाईला वाट दिली त्याची कहाणी

ऐक पाणजाई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातात तांदूळ धरा. गाळाची पाटी उजव्या अंगाला ठेवा. चिखल लुगड्याला लागला तर लागू द्या, आज त्याच्यासाठीच आलो आहोत. आणि मागच्या बाजूला ज्यांचं कुजबुजणं चाललंय त्यांनी पुढं येऊन बसावं, म्हणजे मला दोनदा सांगावं लागणार नाही.

आटपाट डोंगर होता. डोंगराच्या माथ्यावर वाटीसारखी जागा होती. त्या जागेत तळं होतं, तळ्याच्या काठी गाव होता. गावाचं नाव वरवाडी. मावळतीला कडा होता, असा की वाकून पाहिलं तर खालची झाडं मुंगीएवढी दिसावीत, आणि त्याच्या बगलेनं घाट खाली उतरत होता. उगवतीला खिंड होती, खिंडीतून देशावर जायची वाट होती. एका बाजूला हिरड्याचं रान, दुसऱ्या बाजूला काळा कातळ, आणि मध्ये तळं. आषाढात असं धुकं पडे की बायका गाईच्या घंटेवरून आपलं दार ओळखीत. सात वर्षांनी कारवी फुले, तेव्हा सगळा डोंगर निळा होई आणि घरोघर मधाची मडकी भरत. खाचरात भात, उतारावर नाचणी, त्याच्याही वर वरई. मी बरेच गाव पाहिले, बायांनो, पण असा देखणा गाव पाहिला नाही. लेक द्यावी तर त्या गावात द्यावी.

पण तळं काही आयतं मिळालं नव्हतं. एके काळी तिथं नुसतं गवत होतं. मग देशावर दुष्काळ पडला. मग धनगर मेंढरं हाकीत खिंडीतून वर आले. त्यांची म्होरकी धानाई नावाची म्हातारी. मेंढरं एका ओलसर जागी बसली ती उठेनात. माणसांनी हाकललं, उठेनात. कुत्रे सोडले, उठेनात. धानाई म्हणाली, "त्यांना कळतंय ते आपल्याला कळेना, खणा इथं." मग खणलं, मग झरा लागला. मग दगड रचले, वर चिकण माती टाकली, आणि त्या मातीवरून मेंढरं फिरवली. मेंढरांच्या खुरांनी माती चोपली, बांध घट्ट झाला. धानाईनं बांध धरला, तिच्या सुनेनं वाढवला, नातसुनेनं पुरा केला.

बांध वर येऊ लागला तसे घाटाखालच्या खालवाडीचे लोक काठ्या घेऊन वर आले. म्हणाले, "आमचा ओढा अडवलात, आम्ही काय प्यावं?" धानाई पुढं झाली. बांधाच्या एका टोकाला तिनं जागा मोकळी सोडली होती. तळं भरलं की जास्तीचं पाणी तिथून खाली जायचं. तो सांडवा. सांडव्याला दगडाचा उंबरा बसवला होता. धानाईनं तळ्याचं पाणी हातात घेतलं आणि म्हणाली, "उंबऱ्यापर्यंत आमचं. उंबऱ्यावरून वाहील ते तुमचं. हा उंबरा आम्ही कधी उंच करणार नाही, आणि ही वाट कधी अडवणार नाही." खालवाडीच्या लोकांनी काठ्या खाली ठेवल्या. पुढं वरवाडीला लेकीही दिल्या.

तेव्हापासून हा वसा चालू झाला. वैशाख सरताना तळ्याचं पाणी खोल जातं. तेव्हा घरोघरच्या बाईनं तळ्यात उतरावं. पाटीभर गाळ काढावा. डोक्यावर घेऊन बांधाच्या पाठीवर टाकावा, पायानं चोपावा. मग सांडव्याचा उंबरा आपल्या हातानं पुसावा, आणि तळ्याच्या देवीला म्हणावं, "पाणजाई, ये तेव्हा भरून ये, जा तेव्हा सुखानं खाली जा." एवढंच. नारळ नाही, वाजंत्री नाही. घाम मात्र हवा.

अशा गावात रायाजी पाटील होता. त्याची बायको आवडाबाई. ती खालवाडीची लेक. घाटाखाली तिची आई होती, भाऊ कोंडाजी होता. आवडाबाई रूपानं चांगली, मनानं चांगली, हात सढळ. तळ्यावर तिचा भारी जीव. सकाळी उठली की आधी तळं पाही, मग नवऱ्याचं तोंड. नवराही तक्रार करीत नसे.

एके दिवशी तिच्या मनात आलं, एवढी मोठी पाणजाई, आणि तिला डोक्यावर साधं छप्पर नाही. आपण देऊळ बांधावं. मग जागा शोधू लागली. काठावर पाहिलं, आवडेना. टेकाडावर पाहिलं, आवडेना. मग सांडव्यापाशी आली. दोन्ही अंगांना दगड, समोर सगळं तळं. म्हणाली, "इथं बसली की देवीला आपलं तळं सारखं दिसेल."

सासू म्हणाली, "सांडव्यात बांधू नको गं."

आवडाबाई म्हणाली, "आई, मी काय गोठा बांधतेय? देवीला तिच्याच पाण्यात बसवतेय."

देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? पाटलानं पाथरवट आणले. उंबऱ्यावर उंच जोतं आलं, जोत्यावर देऊळ आलं. देवीला चांदीचे डोळे केले. पुढं जाईचा वेल चढवला.

मग पाऊस आला. पाणी उंबऱ्याला लागलं, पुढं वाट नाही, म्हणून वर चढलं. तळं कधी नव्हे एवढं मोठं झालं. पलीकडची बाभळ पाण्यात उभी राहिली. लोक म्हणाले, "पाटलीणबाईंवर देवी प्रसन्न झाली." आवडाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

श्रावणात एक म्हातारी देवळाच्या दारात आली. अंगावर हिरवं जुनेर, केस पांढरे. म्हणाली, "बाई, मला खाली जायचंय, वाट दे."

आवडाबाई म्हणाली, "आजी, इथून वाट नाही. घाटातून जा. आणि जाताना प्रसाद घे." खोबरं दिलं, गूळ दिला. म्हातारीनं प्रसाद जोत्यावर ठेवला आणि मागं फिरली.

दसरा झाला. कोंडाजी बहिणीकडं वर आला. म्हणाला, "ताई, होळीपर्यंत वाहणारा ओढा आत्ताच आटला. पोरं ओढ्यात गोट्या खेळतायत."

आवडाबाई म्हणाली, "यंदा पाऊस कमी झाला असेल."

कोंडाजीनं देवळाच्या पायरीवरून तळ्याकडं पाहिलं. काठोकाठ तळं. बहिणीनं भाताचं पोतं बांधून दिलं, ते खांद्यावर घेतलं नि घाट उतरला. भाऊच तो, बहिणीच्या दारात काय बोलणार? पण बोलायला हवं होतं, असं आपलं मला वाटतं.

पुढं वैशाख आला. पाट्यांचा दिवस आला. बायकांनी विचारलं, "पाटलीणबाई, गाळ काढायचा ना?" आवडाबाई म्हणाली, "आता देऊळ झालं, रोज पूजा होते. चिखल कशाला तुडवायचा? आणि उंबरा पुसायचा तर तो जोत्याखाली गेला." बायकांना तेवढंच हवं होतं. उन्हात पाटी वाहायची कुणाला हौस आहे? खरं सांगा. पाट्या माळ्यावर गेल्या.

त्या दिवशी ती म्हातारी पुन्हा आली. म्हणाली, "बाई, मला खाली जायचंय, वाट दे. खाली माझी लेकरं तहानलीत."

आवडाबाईला दया आली. आत गेली, नवं लुगडं आणलं. म्हणाली, "आजी, हे नेस, सावलीला बस." म्हातारी म्हणाली, "लुगडं मागितलं नव्हतं गं." लुगडं वेलावर टाकलं आणि मागं फिरली. बघा हं, प्रसाद दिला, लुगडं दिलं. मागितलं होतं ते तेवढं दिलं नाही.

मग दुसरा पाऊस आला. आधीच तळं भरलेलं, त्यात आषाढ कोसळला. कातळावरून पाणी, रानातून पाणी, वरून पाणी. सकाळच्या वेळी गुराखी ओरडत आला, "बांध पाझरतोय." सगळे धावले. बांधाच्या पायथ्याशी पाणी बुडबुडत होतं. निवळ नव्हतं, मातकट होतं. म्हणजे बांधाची माती आतून सुटत होती. गडी दगड टाकू लागले, मिटेना. पेंढ्या टाकल्या, मिटेना. मातीची पोती टाकली, मिटेना.

आवडाबाई बांधावर उभी राहिली. तिनं खाली पाहिलं. धुकं क्षणभर फाटलं आणि घाटाखाली खालवाडी दिसली. ओढ्याच्या अगदी काठाला तिच्या आईचं घर. छपरातून धूर निघत होता. आई भाकऱ्या करीत होती. बांध फुटला तर सगळं तळं त्या चुलीवर जाणार होतं.

ती म्हणाली, "सांडवा मोकळा करा."

गड्यांनी पहारी उचलल्या, देवळापाशी गेले, आणि थबकले. गुरव म्हणाला, "देवळाला पहार लावाल तर निर्वंश होईल." गड्यांनी पहारी टाकल्या. पाटील म्हणाला, "आवडे, मला सांगू नको. पाप कोण घेणार?" खाली निरोप धाडावा तर घाट उतरायला दुपार होणार. बांध काही दुपारपर्यंत थांबायचा नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून ती म्हातारी आली. पाऊस कोसळत होता आणि तिचं जुनेर कोरडं होतं. म्हणाली, "बाई, मला खाली जायचंय. वाट दे."

आवडाबाई रडू लागली. म्हणाली, "आजी, कशी देऊ? वाटेत देऊळ आहे."

"कुणाचं?"

"पाणजाईचं."

"मग तिला विचारलं होतंस का, तुला इथं राहायचंय म्हणून?"

विचारलं नव्हतं. देवीला काय द्यायचं ते तिनं ठरवलं, कुठं बसवायचं ते तिनं ठरवलं, देवीनं काय पाहायचं तेही तिनंच ठरवलं. तिनं डोळे पुसले. पदर खोचला. पडलेली पहार उचलली. म्हणाली, "पाप माझं, लागू दे मला. माझी आई खाली आहे." आधी मूर्ती उचलून सासूच्या ओटीत दिली. मग जोत्याला पहिला घाव घातला.

घाव घातला आणि काही झालं नाही. वीज पडली नाही, जीभ झडली नाही. मग पाटलाला लाज वाटली, त्यानं दुसरी पहार उचलली. मग गडी आले. मग गुरवही आला. दगड निखळला, दुसरा निखळला, आणि पाण्याला वाट मिळाली. पाणी असं निघालं की उरलेलं देऊळ त्यानंच नेलं. जाईचा वेल गेला, देवळाचा कळस गेला. म्हातारी कुठं गेली ते कुणी पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तळं उंबऱ्यापर्यंत उतरलं. पायथ्याचं पाणी मंदावलं, मग निवळ झालं, मग थांबलं. बांध राहिला.

खालवाडीत ओढा दोन्ही काठ भरून आला, पण ओढ्यातूनच आला. कुणाचं घर बुडालं नाही, कुणाची गुरं वाहून गेली नाहीत.

मग वैशाख आला. आवडाबाई सगळ्यांच्या आधी पाटी घेऊन तळ्यात उतरली. गुडघ्याएवढ्या गाळात उभी राहिली. दोन वर्षांचा गाळ, हातांना फोड आले. पाटी डोक्यावर घेऊन बांधावर आली, तर घाटाच्या वाटेनं माणसं येताना दिसली. पुढं कोंडाजी, मागं खालवाडीच्या बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर पाटी. आणि सगळ्यांच्या मागं, काठी टेकीत, तिची आई. आईच्याही काखेत लहानशी पाटी.

आवडाबाई धावत गेली. म्हणाली, "आई, तू कशाला चढलीस एवढा घाट?"

आई म्हणाली, "ओढा आला त्या दिवशी एक म्हातारी दारात आली. म्हणाली, लेकीच्या घरून आले. मी पाय धुवायला पाणी आणलं, तर हसायला लागली. मला काय पाणी देतेस, म्हणाली, तुझ्या लेकीनं वाट दिली म्हणून मीच ते घेऊन आले. मग मला वाटलं, पाणी येतं त्या वाटेनं आपणही एकदा वर जावं."

आवडाबाईनं हात धुतले नव्हते. तशाच गाळाच्या हातांनी आईच्या गळ्यात पडली. आईनं ते हात हातात घेतले, फोड पाहिले, आणि म्हणाली, "आता कसे माझ्या लेकीचे दिसतात."

मग मायलेकींनी मिळून उंबरा पुसला. तेव्हापासून दोन्ही वाड्यांच्या बायका मिळून गाळ काढतात. देवी बांधावर उघड्यावर बसते, पावसात भिजते, आणि तिचं काही बिघडत नाही.

बाई गं, भरलीस तर फुगू नकोस, आटलीस तर रुसू नकोस, घेतला वसा मोडू नकोस. पाणजाई, आवडाबाईला जशी वेळेवर भेटलीस तशी आम्हां बायांना भेट. आमचं तळं उंबऱ्यापर्यंत भरू दे, आमच्या हातून कुणाची वाट अडू नये, आणि ज्यांची माहेरं खाली आहेत त्यांच्या आयांच्या चुली पेटत राहू देत. ही डोंगराएवढ्या उत्तरांची कहाणी, पाटीभर उत्तरी सुफळ संपूर्ण.

उठा आता. तांदूळ पाण्यात सोडा, आणि पाट्या उचला.